टायर काळे नसतात

(आपल्या शाळेच्या १९८२ च्या दहावीच्या तुकडीच्या वणी येथील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आणि म्हणाले, विषय तुझ्या आवडीचा घे. ही चूक त्यांची आहे. एसटीच्या टायर विभागात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला विषय निवडायला सांगितला, की तो टायरवरच बोलणार. ज्यांना चहाला जायचं असेल त्यांनी आत्ताच जावं, मला राग नाही.

समोरच्या टेबलावर जी लाल गाडी ठेवली आहे, ती सकाळपासून तुम्ही सगळ्यांनी वाकून वाकून पाहिली. पांडाण्याकडून आणि लखमापूर फाट्याकडून येणाऱ्या पोरापोरींनी तर तिच्यातली आपली जागासुद्धा शोधली. ती आपल्याच काळातली गाडी आहे, ज्या गाडीने तुम्ही शाळेत यायचात आणि जी चुकली की पहिला तास बुडायचा. खऱ्या गाडीच्या चोवीसाव्या हिश्श्याने मी ती केली आहे. लांबी साधारण पंचेचाळीस सेंटीमीटर. बॉडी सनबोर्डची, खिडक्यांचे गज तारेचे, घंटीची दोरी मांज्याची. मैत्रिणींपैकी दोघींनी दोरी ओढून पाहिली. घंटी वाजत नाही, क्षमस्व.

पण सकाळी आपल्या चित्रकलेच्या सरांनी चष्मा वर करून मला विचारलं, "हे टायर खऱ्या रबराचे का रे?" त्या प्रश्नाने मी सकाळपासून हवेत आहे. कारण सर, त्यात रबर एक कणभरही नाही. ते रेझिनचे आहेत, टणक, खाली पडले तर टकळीसारखे वाजतील असे. बाकी सगळं रंगाचं काम आहे. आज त्या रंगाबद्दल बोलायचं आहे. आणि त्या निमित्ताने एक गोष्ट सांगायची आहे जी मी चव्वेचाळीस वर्षं सांगितलेली नाही.

मला सांगा, टायरचा रंग कोणता?

सगळे म्हणालात, काळा. मीही तेच म्हणायचो. मग १९९० साली महामंडळात लागलो आणि काही वर्षांत टायर पुनर्स्तरणाच्या प्रकल्पात काम आलं. आपल्या भाषेत रिमोल्ड. महामंडळाचे राज्यात असे नऊ प्रकल्प. झिजलेला टायर येतो, आम्ही तो आधी ठोकून, उजेडाला धरून तपासायचो, आतले धागे शाबूत आहेत ना ते पाहायचो, मग उरलेली नक्षी यंत्रावर खरवडून काढायची, सोल्यूशन लावायचं, वर नवीन रबराचा थर चढवायचा आणि तापवून तो पक्का करायचा. दहावीत बाईंनी शिकवलं होतं, रबरात गंधक घालून तापवलं की ते घट्ट आणि लवचीक होतं, चार्ल्स गुडइयरने १८३९ साली शोधून काढलं. तेव्हा मी ते दोन मार्कांसाठी पाठ केलं. पुढे त्याच वासात माझी नोकरी गेली.

तर त्या आवारात टायरांच्या रांगा लागलेल्या असायच्या आणि सकाळच्या तिरप्या उन्हात पाहिलं, तर दोन टायर एका रंगाचे नसायचे. कोकणातल्या गाडीचा टायर वेगळा. आपल्या गडाच्या घाटात चालणाऱ्या गाडीचा वेगळा. काही राखाडी, काही शेवाळी, काही चक्क तपकिरी.

त्याची कारणं आहेत. रबराचा चीक मुळात दुधासारखा पांढरा. सुरुवातीचे टायर फिकटच असत. मिशेलिन कंपनीचा तो वळ्यावळ्यांचा बाहुला तुम्ही पाहिला असेल. तो १८९८ सालचा, आणि तो पांढरा आहे, कारण तेव्हाचे टायरच काळे नव्हते. काळेपणा नंतर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला. रबरात काजळी मिसळली की ते कितीतरी जास्त टिकतं हे कळल्यावर. कारखान्यात तिला कार्बन ब्लॅक म्हणतात, पण ती काजळीच. आपल्या आया दिव्यावर धरायच्या तिचीच बहीण. शिवाय रबर उन्हाने आणि हवेतल्या ओझोनने तडकू नये म्हणून त्यात मेण आणि इतर रसायनं घालतात. ती हळूहळू आतून वर येत राहतात आणि टायरच्या बाजूवर एक तपकिरी झाक धरते. धुतली तरी काही दिवसांनी परत येते. त्यावर ऊन, त्यावर धूळ. जमिनीला टेकणारा पट्टा घासून घासून राखाडी होतो आणि त्याला किंचित चकाकी येते. नक्षीच्या खाचा मात्र आत काळ्याच राहतात, किंवा मातीने भरतात.

आणि रिमोल्डची खूण तर मी डोळे मिटून सांगेन. वरची नक्षी ताजी, काळीभोर. खाली साइडवॉल म्हातारी, करडी, बारीक सुरकुत्यांची. दोन्हींच्या मध्ये खांद्यावर एक सांधा दिसतो. म्हाताऱ्याने नवी टोपी घातल्यासारखा. आमच्याकडे पुढच्या चाकांना रिमोल्ड लावत नसत, तो मागच्या जोडचाकांना. म्हणून या मॉडेलची पुढची दोन चाकं आणि मागची चार चाकं नीट पाहा. पुढची एकसारखी आहेत. मागच्या चारांतल्या दोघांच्या खांद्यावर तो सांधा आहे. आज सकाळी तो फक्त एका माणसाच्या लक्षात आला. त्याच्याकडे मी येतोच.

मॉडेलचा नाद मला नोकरीतच लागला. महाराष्ट्रात एसटीची मॉडेलं करणारी पोरं खूप आहेत, आणि बॉडी तर अशी करतात की दापोडीच्या कार्यशाळेतल्या माणसाने तोंडात बोट घालावं. रिबेट मोजून लावतात. पाटीवरचं अक्षर हुबेहूब. पण मग त्या सुंदर गाडीला खेळण्यातली चकचकीत काळी चाकं लावतात आणि गाडी पुन्हा खेळणं होते. माझं अगदी ठाम मत आहे, आणि त्यावरून माझी काही जणांशी भांडणंही झाली आहेत: गाडी खरी वाटते ती लाल रंगाने नाही, रबराने. लाल रंग वरच्या दर्जाचा आणा, चार हात मारा, पण टायर, काचेभोवतीचं रबर, वायपर, चिखलपट्टी ही जर एकाच काळ्या डबीतून रंगवली असेल तर डोळा फसत नाही.

मी स्वतः ही चूक कशी केली ते सांगतो. पहिल्या मॉडेलला मी बाजारातून मऊ प्लास्टिकचे टायर आणले आणि त्यावर तेलरंग मारला. रंग वाळेना. आठवडा झाला, महिना झाला, बोट लावलं की चिकट. मला वाटलं पावसाळा आहे. ती गाडी मी एका निवृत्त चालकाला भेट दिली, त्यांनी ती कौतुकाने टीव्हीच्या कपाटात ठेवली. दोन वर्षांनी गेलो तर चारही कोपऱ्यांवर काचेला काळे डाग, आणि टायरने आतली प्लास्टिकची चकती खाऊन मऊ केलेली. त्या मऊ प्लास्टिकमध्ये त्याला लवचीक ठेवणारं तेलकट रसायन असतं. ते बाहेर पाझरतं, तेलरंगाला वाळू देत नाही आणि शेजारच्या कडक प्लास्टिकलाही विरघळवतं. त्या माणसाने मला काही म्हटलं नाही. गाडीखाली वर्तमानपत्राची घडी घातली होती फक्त. इंजिनाखाली ऑइल गळतं तेव्हा घालतात तशी.

तेव्हापासून टायर मी स्वतः ओततो. हजार-वीसचा टायर उंचीला मीटरभरापेक्षा थोडा जास्त, म्हणजे आपल्या मापात चव्वेचाळीस मिलिमीटर. एक नमुना कांतून घेतला, सिलिकॉनचा साचा केला, त्यात रेझिनचे सात काढले. सहा चाकं आणि एक स्टेपनी. मग प्रत्येकाच्या बुडाला एक मिलिमीटर सपाट घासतो आणि त्याच्या वर बाजूला थोडी पुट्टी लावून फुगीर करतो. कारण भरलेल्या गाडीचा टायर जमिनीवर बसलेला असतो, टेकलेला नसतो. बाजाराच्या दिवशीची वणी-कळवण गाडी आठवा. टपावर कोबीच्या जाळ्या, आत माणसावर माणूस, आणि मागचे टायर पोट सुटल्यासारखे.

आता रंग. सर, तुम्ही आम्हाला सांगायचात की ट्यूबमधला काळा कागदावर सरळ लावू नका, कागदाला भोक पडल्यासारखं दिसतं. मला हे वाक्य चाळिशीत कळलं. मी काळ्यात पांढरा मिसळतो, थेंबभर तपकिरी, आणि तयार होतो तो रंग डबीत राखाडी दिसतो. बघणारा म्हणतो, हा टायरचा? लहान वस्तूवर रंग नेहमी जास्त गडद दिसतो. खरा टायर आपण चार पावलांवरून, उन्हातून, धुळीतून पाहतो. तोच रंग हातावरच्या वस्तूला दिला की ती कोळशाची वडी होते. म्हणून फिकट करायचा. जपानच्या तामिया कंपनीची तर 'रबर ब्लॅक' नावाची वेगळी डबीच मिळते. ती उघडली की कळतं, त्यांचाही रबराचा काळा हा खरा काळा नाही. मी ती वापरून पाहिली आहे. चांगली आहे, महाग आहे, आणि त्यातही मी पांढरा घालतोच.

चमक नको. पूर्ण मॅटही नको. खरं रबर जिथे हात लागतो तिथे उजळतं. या गाडीत चालकाच्या शेजारी पोंगा आहे, पाहिलात का? जुन्या गाडीचा रबरी फुग्याचा पोंगा. त्याचा मधला भाग, जिथे चालकाचा तळवा पडायचा, तो मी थोडा चकचकीत ठेवला आहे आणि देठाजवळ मळकट. एवढ्याशा वस्तूवर हे कोण पाहणार, असं बायको म्हणाली. बरोबर आहे तिचं. पण मला माहीत आहे ना.

काचेभोवतीचं रबर खऱ्या गाडीत दोन-अडीच सेंटीमीटर, म्हणजे इथे एक मिलिमीटरची रेघ. ती सरळ काढायला मला तीन रविवार लागले. कोपऱ्यात ते रबर ताणलं जातं आणि पांढुरकं पडतं, तिथे कोरड्या ब्रशने नुसता स्पर्श. वायपरचं पातं सगळ्यात गडद. मागची चिखलपट्टी खालून वर फिकट होत जाते, तिचं काठोकाठचं बोटभर तर मातीच्याच रंगाचं. जोडचाकांच्या मध्ये एक दगड अडकलेला आहे, तो खरा आहे, स्टँडवरचा.

बाकी खरी माती मात्र लावता येत नाही. मी प्रयत्न केला. आपल्या स्टँडवरची धूळ कागदात बांधून नेली, मलमलीतून तीनदा चाळली आणि टायरवर भुरभुरली. वाटलं, वणीच्या गाडीवर वणीचीच धूळ, यापेक्षा खरं काय? आणि टायर खडीत लोळल्यासारखे दिसायला लागले. धुळीचा कण चोवीस पटीने मोठा वाटतो हो. पाव मिलिमीटरचा कण म्हणजे वाटाण्याएवढा खडा. लहान मापात धूळ करायची तर तिच्याहून बारीक काहीतरी हवं. मी आता वापरतो तो साधा शाळेचा खडू. किसून, वस्त्रगाळ करून, चिमूटभर काव आणि चिमूटभर राख घालून. ब्रशने लावायचा आणि बोटाने पुसून टाकायचा. जे खाचेत उरतं ती धूळ.

हे मला कुठे शिकायला मिळालं असं नेहमी विचारतात. पोरं विचारतात, प्रदर्शनात लोक विचारतात. मी सांगतो, अनुभवाने. ते खोटं आहे.

१९८०-८१ साली, आपण नववीत असताना, शाळेत विज्ञान आणि हस्तकलेचं प्रदर्शन झालं होतं. मी पुठ्ठ्याची एसटी केली होती. टॉर्चच्या सेलवर दिवे लागणारी. ती दिंडोरीला तालुक्याला गेली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं, हे तुम्हाला आठवत असेल. निदान मी इतक्यांदा सांगितलं आहे की आठवायलाच हवं.

त्या गाडीला चाकं नव्हती. म्हणजे होती, पुठ्ठ्याची, शाईने काळी केलेली, आणि ती भिकार दिसत होती. आपल्या वर्गातला एक मित्र माझ्या मागच्या बाकावर बसायचा. त्याचे वडील स्टँडच्या कोपऱ्यावर चपला शिवायला बसत. तो म्हणाला, मी आणतो. दुसऱ्या दिवशी त्याने टायरच्या तळाच्या जुन्या चपलेतून रापीने कापलेली सहा गोल चाकं आणली. कानशीने घासून कडा गोल केलेल्या, आरीने नक्षी कोरलेली. खरं टायरचं रबर! मी उड्या मारल्या. लावून पाहिली. आणि गंमत अशी की ती खोटी दिसत होती. खरं रबर, खऱ्या टायरचं, आणि गाडीला लावल्यावर खेळण्यातलं. कापलेला भाग चकचकीत, काळाकुट्ट.

मी नाराज झालो. तो काही बोलला नाही. त्याने बाकावर चाकं मांडली, फळ्याजवळ जाऊन डस्टर आणलं आणि चाकांवर आपटलं. खडूचा धुरळा उडाला. मग चाक हातात घेऊन अंगठ्याने पुसलं, आणि पुसताना फक्त मधला पट्टा पुसला, खाचा तशाच ठेवल्या. दोन मिनिटांचं काम. वर्गात जे कोण होते ते सगळे बघत राहिले. चाकं रस्त्यावरून आलेली दिसत होती. मी विचारलं, तुला कसं सुचलं? तो म्हणाला, "दिवसभर बाबांजवळ बसून गाड्यांची चाकंच दिसतात. वरचं कुठे दिसतं?"

दिंडोरीला परीक्षक गाडीजवळ थांबले. दिवे त्यांनी पाहिले, पण दिवे सगळ्यांच्याच मॉडेलला होते. ते खाली वाकले आणि मला विचारलं, "टायरला हा रंग कसा आणलास?" मी म्हणालो, "खडूची पूड, सर." त्यांनी पाठ थोपटली. मी त्यांना सांगू शकलो असतो. बोलायला वेळ होता. गाडीसमोर ठेवायचं कार्ड मीच माझ्या अक्षरात लिहिलं होतं, त्यावर नावांसाठी दोन ओळी होत्या. मी एकच भरली होती. दुसऱ्या ओळीवर एक नीट आडवी रेघ मारली होती, पट्टीने. नाव लिहायचं राहून गेलं असं मला आज म्हणता येत नाही, कारण ती रेघ आठवते.

बक्षिसाचं पेन त्याने पाहिलं. "छान आहे" म्हणाला. नंतरही आपण त्याच वर्गात होतो, त्याने एकदाही विषय काढला नाही. मीही नाही. मग दहावी झाली आणि सगळे पांगलो.

गेल्या वर्षी आपला ग्रुप झाला, त्यात तो सापडला. मी या गाडीचा फोटो टाकला. तुम्ही सगळ्यांनी अंगठे दिले, टाळ्या दिल्या, फुलं दिली. त्याने रात्री साडेदहाला एक ओळ लिहिली: "मागची आतली चाकं जास्त काळी झाली." मी उठून दिवा लावला आणि पाहिलं. जोडचाकातलं आतलं चाक सावलीत असतं म्हणून मी ते गडद केलं होतं. पण सावली गाडीची पडतेच, ती रंगवायची नसते. शिवाय आतल्या चाकावर धूळ जास्त बसते, कारण ते कधी धुतलंच जात नाही. मी चौतीस वर्षं टायरांत काढली आणि हे त्याने फोटोवरून सांगितलं. दुसऱ्या दिवशी चारही चाकं काढून परत रंगवली. आज सकाळी खांद्यावरचा सांधा ज्याला दिसला, तोही तोच.

तो इथे आहे, तिसऱ्या रांगेत. मी त्याला परवा फोन करून विचारलं, नाव घेऊ का? तो म्हणाला, "नको रे, आता काय." म्हणून घेत नाही. पण ज्या सर-बाईंनी तेव्हा माझी पाठ थोपटली होती ते आज समोर बसले आहेत, आणि त्यांना हे माझ्या तोंडून कळावं एवढ्यासाठी मी ही पंधरा मिनिटं मागून घेतली. संयोजकांनी दिली नव्हती, मी मागितली होती. सुरुवातीला खोटं बोललो.

ही गाडी मी शाळेला देतो आहे. मुख्याध्यापकांनी ग्रंथालयात काचेची पेटी द्यायचं कबूल केलं आहे. पेटीला लावायच्या कार्डावर नावांच्या दोन ओळी आहेत. पहिली मी भरली नाही. दुसरीत माझं नाव आहे. पहिलीचं काय करायचं ते त्याने ठरवावं.

आणि एक. गाडीखाली वाकून पाहिलंत तर स्टेपनी नुसती राखाडी प्रायमरमध्ये आहे. कुणीतरी सकाळी म्हणालं, हे राहिलं वाटतं. राहिलं नाही. रंगाच्या डब्या, दोन ब्रश आणि शाळेच्या खडूचा एक डबा मी बरोबर आणला आहे, मागच्या खिडकीजवळच्या बाकावर मांडून ठेवला आहे. डस्टर नववीच्या वर्गातून मागून आणलं आहे. चहा झाला की मित्रा, जरा तिकडे ये.